डोळे, कान, नाक, घसा: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळच्या पट्ट्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना जे प्रश्न रोज कानावर पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. यातली बहुतेक दुखणी आपोआप किंवा साध्या उपचारांनी बरी होतात. नुकसान होतं ते दोन कारणांनी. एक, घाईघाईने डोळ्यात-कानात काहीतरी घातल्यामुळे. दुसरं, ज्या मोजक्या दुखण्यांत तास मोजायचे असतात तिथे दिवस घालवल्यामुळे. हे दोन्ही टळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

डोळे आलेत. केमिस्टकडून ड्रॉप आणून घातले तर चालतील का?

न विचारता घालू नका. पावसाळ्यात येणारे डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात. जुलै २०२३ मध्ये राज्यभर पसरलेली साथ बऱ्याच जणांना आठवत असेल. एक डोळा लाल होतो, पाणी येतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात आणि एक-दोन दिवसांत दुसराही डोळा लाल होतो. हे एक ते दोन आठवड्यांत बरं होतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ते लागतं जेव्हा घट्ट पिवळा पू दिवसभर येत राहतो, आणि तेव्हाही डोळा बघूनच.

घरी करायचं ते एवढंच: उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसायचं, प्रत्येक वेळी आणि प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घ्यायचा, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या. फार खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. गुलाबपाणी, मध, आईचं दूध, तुरटीचं पाणी, यातलं काहीही नको.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्टिरॉइडच्या थेंबांची. काउंटरवर 'डोळे आलेत, काहीतरी द्या' म्हटलं की कधीकधी अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली हातात पडते. लाली दुसऱ्या दिवशी उतरते, म्हणून लोकांना ती आवडते, आणि पुढच्या वेळी तीच बाटली शेजाऱ्यालाही दिली जाते. पण बुबुळावर नागिणीच्या जातीतला हर्पीसचा विषाणू किंवा बुरशी असेल, तर स्टिरॉइडमुळे ती जखम वेगाने खोल जाते आणि बुबुळावर कायमचं फूल पडतं. महिनोन्‌महिने वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो. खाज येते म्हणून मुलांच्या डोळ्यात वर्षभर असे थेंब घालणारे पालक मी पाहिलेत. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही थेंब नको.

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं तर आपलेही येतात ना?

नाही. संसर्ग हातातून जातो. डोळा चोळला, तोच हात लोकलच्या कडीला लावला, दुसऱ्याने ती कडी धरून आपला डोळा चोळला, अशी ती साखळी असते. घरात टॉवेल, उशीचा अभ्रा आणि काजळ वेगळं ठेवा. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका.

डोळ्यांची कोणती लाली साधी समजायची नाही?

डोळा नुसता खुपत नाही तर दुखतो, उजेड सहन होत नाही, दिसणं कमी झालंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल होताच लेन्स काढायची आणि तपासून घ्यायचं. लेन्स टाकू नका, डब्यासकट सोबत न्या.

चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच डोळ्यात आणि त्याच बाजूच्या डोक्यात जबर ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलट्या: हा पित्ताचा त्रास समजून घरी झोपवलेलं माणूस मुळात काचबिंदूच्या झटक्यात असू शकतं. इथे सकाळच्या ओपीडीची वाट बघत बसायचं नाही.

रांजणवाडीवर लवंग किंवा लसूण घासू का?

नको, पापणी भाजते. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेका. फोडू नका. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

डोळ्यात चुना गेला तर?

या प्रश्नासाठी जागा जास्त देतो, कारण पहिल्या दहा मिनिटांत घरचे काय करतात यावर त्या डोळ्याचं भवितव्य ठरतं. पानटपरीवर मिळणारी चुन्याची छोटी पुडी किंवा ट्यूब घरात कुठेतरी पडलेली असते. मूल ती खेळायला घेतं, दोन्ही मुठींत दाबतं, आणि तोंड फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे. आम्लापेक्षाही तो जास्त वाईट, कारण तो थांबत नाही, बुबुळाच्या आत झिरपत जातो.

त्या क्षणी रिक्षा शोधू नका. मुलाला नळाखाली धरा. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने दोन बोटांनी पापण्या फाकवून ठेवायच्या, आणि पाण्याची हलकी धार किमान अर्धा तास सोडायची. मूल रडेल, लाथा झाडेल, तरी थांबायचं नाही. वरची पापणी उचलून तिच्याखाली अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसाने काढा. तो कण तिथे राहिला तर धुणं संपल्यावरही डोळा जळत राहतो. चाळीत नळाला पाणी नसेल तर पिण्याच्या पिंपातलं पाणी तांब्याने ओता. दूध, तूप, लिंबू काही नाही, फक्त पाणी. मग डोळ्यांच्या रुग्णालयात जा. फिनेल, ॲसिड, बॅटरीचं पाणी, होळीचे रंग, सगळ्यांना हाच नियम.

फटाक्याने, फुग्याने किंवा टोकदार वस्तूने डोळा फाटल्याची शंका असेल तर मात्र धुवायचं नाही, चोळायचं नाही, दाबायचं नाही. कागदी कपाचा बुडाचा भाग कापून तो डोळ्यावर दाब न देता चिकटवा आणि निघा.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं ना?

ती जुनी पद्धत झाली. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकवला तर उलट ती अवघड होते. काचबिंदू वेगळा: तो बहुधा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यातला दाब आणि आतली नस तपासून घ्यावी. मधुमेह असेल तर दिसतंय चांगलं म्हणून थांबू नका, दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या.

कान कोरायला काय वापरावं?

काहीच नाही. कानातला मळ ही घाण नव्हे, ते कातडीचं संरक्षण आहे आणि जबडा हलताना तो आपोआप बाहेर सरकतो. बडने तो आत ढकलला जातो आणि पडद्यावर बसतो. हेअरपिन, आगकाडी, किल्ली यांनी पडदा फाटलेले कान मी दर महिन्याला बघतो. फोर्टात, चौपाटीवर कान साफ करून देणारे बसतात. त्यांची एकच सळई किती कानांतून फिरते याचा विचार करा.

तेलाबद्दल नीट सांगतो, कारण यावरून घरोघरी सासू-सुनांचे वाद होतात. बाळाच्या कानात रोज कोमट तेल घालायची काही गरज नाही. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ओलसर आणि तेलकट कानात बुरशी फोफावते: असह्य खाज, दडा, आणि आत ओल्या कागदासारखा पांढरट थर, त्यावर काळे ठिपके. हे साफ करून बुरशीचे थेंब घालावे लागतात. मळ दगडासारखा झाला असेल तर डॉक्टरच कधीकधी तो मऊ करायला काही दिवस तेलाचे किंवा मळ विरघळवणारे थेंब देतात, पण पडदा शाबूत आहे हे बघूनच.

रात्री मुलाचा कान ठणकतोय. काय करू?

सर्दीनंतर हे होतं. लहान मुलांत नाक आणि मधल्या कानाला जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी कानापर्यंत पोहोचते. वजनानुसार पॅरासिटामॉल द्या (प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने), उशी उंच करा आणि सकाळी दाखवा. कानात थेंब किंवा तेल नको. बऱ्याच मुलांचा ठणका दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकशिवाय जातो. दोन वर्षांखालचं मूल, दोन्ही कान, कान वाहणं, मोठा ताप, यात ते लवकर सुरू करावं लागतं. ठणका एकदम थांबून उशीवर पू दिसला तर पडदा फुटलाय. तो बहुधा भरून येतो, कान कोरडा ठेवा. कानामागे सूज येऊन कान पुढे आलेला दिसला तर रात्रीच रुग्णालयात जा.

बाळाला आडवं ठेवून बाटलीने दूध पाजू नका.

कान लहानपणापासून वाहतो. सवय झाली आहे. तरी दाखवायचं का?

हो, दाखवाच. थोडा पण दुर्गंधीचा स्राव असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो. तो मेंदूच्या आवरणापर्यंत जातो आणि त्यावर शस्त्रक्रियाच लागते. पडद्याला भोक असताना जेंटामायसिनसारखी औषधं असलेले थेंब मनाने घालू नका, आतल्या कानाला इजा होऊ शकते. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घाला.

सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येईना. मळ असेल का?

असेलही. पण आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणाही अगदी असाच सुरू होतो: दडा बसल्यासारखं वाटतं, गुणगुण ऐकू येते, कधी चक्कर. दुखत नाही, म्हणून माणूस आठवडाभर वाट बघतो. यावर स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात आणि त्या पहिल्या काही दिवसांत सुरू झाल्या तरच चांगला उपयोग होतो, दोन आठवड्यांनंतर फारसा होत नाही. त्याच दिवशी, निदान तीन दिवसांच्या आत कान बघून ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. डोळ्यात स्टिरॉइड नको म्हणणारा मीच इथे ते लवकर घ्या म्हणतो आहे. दोन्ही ठिकाणी फरक तपासणीचा आहे.

कानात किडा गेला, नाकात मुलाने चण्याची डाळ घातली...

जिवंत किडा असेल तर खोबरेल तेलाचे काही थेंब घाला, तो मरतो आणि फडफड थांबते. कान आधीपासून वाहत असेल तर तेही नको. मग काढून घ्यायला डॉक्टरांकडे. डाळ, वाटाणा, चिंचोका असेल तर पाणी घालू नका, तो फुगतो. चिमट्याने ओढायला गेलात तर तो आणखी आत जातो. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकलंय असं समजा.

खेळण्यातली बटण बॅटरी नाकात, कानात किंवा पोटात गेली असेल तर लगेच निघा. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत भाजते.

ढोल-ताशा पथकात वाजवतो. कानात कापूस घातला तर पुरे?

कापसाने फार थोडा आवाज अडतो. फोमचे इअरप्लग वापरा, औषधांच्या दुकानात मिळतात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. सरावानंतर कान गुणगुणत असतील तर आवाज कानाला झेपलेला नाही. स्पीकरच्या भिंतीसमोर बाळाला घेऊन उभे राहू नका.

कूस बदलली की खोली गरगर फिरते. मणक्याचा त्रास असेल?

अर्ध्या-एक मिनिटात थांबणारी अशी गरगर बहुधा कानातले कण हलल्यामुळे असते. डॉक्टर मान विशिष्ट पद्धतीने फिरवून ते जागेवर नेतात, बऱ्याचदा एकाच भेटीत. चक्करेसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली तर तो मेंदूचा झटका समजा आणि १०८ ला फोन करा.

नाक मोकळं करणारे थेंब रोज लागतात. काय बिघडलं?

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब पाच दिवसांच्या वर घातले की नाकाची आतली त्वचा त्यांच्यावरच अवलंबून राहते. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब. खिशात बाटली घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं आहेत. सोडवायला डॉक्टर नाकातला स्टिरॉइडचा फवारा देतात, आणि तो काही आठवडे नेमाने घ्यावा लागतो. मिठाच्या पाण्याचे थेंब मात्र कितीही दिवस चालतात. नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं.

पिवळा-हिरवा शेंबूड म्हणजे सायनसचा जंतुसंसर्ग ना?

रंगावरून ठरत नाही, साध्या सर्दीतही शेंबूड पिवळा होतो. दहा दिवस काहीच उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि गालाचा ठणका सुरू झाला, तर दाखवा. वर्षभर सकाळी शिंका, खाज, पाणी असेल तर ती ॲलर्जी आहे. इथलं सततचं बांधकाम, ओलीच्या भिंती आणि गादीतली धूळ तिला पुरेशी आहेत. वाफ मोठ्यांनी जपून घ्यावी. मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, भाजलेली मुलं त्याच पातेल्यावरून येतात.

मधुमेह वाढलेला, आणि चेहऱ्याची एक बाजू दुखते, डोळा सुजतो, नाकातून काळपट स्राव येतो: २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण असेच आले होते. हा आजार आजही होतो आणि त्यात तास महत्त्वाचे असतात.

घोळणा फुटला की डोकं मागे करायचं ना?

पुढे करायचं. मागे केलं की रक्त घशात जातं आणि उलटी होते. बसवा, किंचित पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग (हाडाचा नव्हे) दोन बोटांनी घट्ट धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. मधेच थांबलं का म्हणून बघितलं की सगळं पहिल्यापासून. कांदा हुंगवायची गरज नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तर रुग्णालयात.

घसा दुखतोय, मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्यात. घेऊ?

नको. खोकला, वाहणारं नाक आणि घसा एकत्र असेल तर तो विषाणू आहे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल पुरे. खोकला नाही, पण मोठा ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग आणि गळ्याला अवधाणाच्या गाठी, असं पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात दिसलं तर स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असू शकतो. तिथे पेनिसिलिनच्या जातीचं औषध पूर्ण दहा दिवस लागतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि औषध बंद होतं. हृदयाची झडप बिघडवणारा संधिवाताचा ताप टाळायला उरलेले सात दिवसही तेवढेच लागतात.

टॉन्सिल काढायची वेळ येते ती वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा खरोखरचा आजार झाला तर. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर मात्र आकडे मोजू नका.

तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वासाला आवाज येतो: लगेच निघा. घशात करडा, खरवडला तर रक्त येणारा पापुद्रा दिसला तर घटसर्प असू शकतो.

माशाचा काटा अडकला. भाताचा गोळा गिळू?

नको, काटा खोल रुततो. केळं, पोळी, सगळ्यांचं तेच. मांदेलीचा बारीक काटा बहुधा टॉन्सिलवर असतो आणि दिव्यात चिमट्याने निघतो. पाल्यासारख्या माशाचा काटा खाली गेला आणि गिळताना एकाच जागी टोचत राहिलं, तर दुर्बिणीने बघावं लागतं.

आवाज बसलाय, महिना झाला.

तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज दुर्बिणीने बघायलाच हवा, तंबाखू-सिगरेट असेल तर आणखी आधी. तीन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं चट्टं, पांढरा-लाल डाग, मानेतली न दुखणारी गाठ, यांनाही हाच नियम. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. गुटखा-सुपारीने गाल कडक झाले की ती जात नाहीत. मिश्री लावणाऱ्या मावश्यांना मी आवर्जून विचारतो, कारण त्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून इथे हाकेच्या अंतरावर आहे. तरी गाठ वाढल्यावरच येणारे शेजारी बघून जीव तुटतो.

बाळाला ऐकू येतंय का, कधी तपासायचं?

पहिल्या महिन्यात तपासणी, शंका असेल तर तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत मशीन किंवा पुढचा उपचार. 'बोलेल उशिरा, त्याचे काकाही उशिरा बोलले' म्हणत दोन वर्षं गेली, तर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ हातचा जातो. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्या-बोलण्याच्या तपासण्या होतात.

कुठे जायचं?

साध्या त्रासाला जवळचा दवाखाना किंवा महापालिकेचा आपला दवाखाना. कान-नाक-घशासाठी फोर्टात आणि डोळ्यांसाठी कामाठीपुऱ्यात महापालिकेची स्वतंत्र रुग्णालयं आहेत. केईएम, नायर, सायन, कूपर आणि जे.जे. इथे दोन्ही विभाग आहेत. ओपीडीचे केसपेपर सकाळी निघतात, लवकर जा. अपघात विभाग रात्रीही चालू असतो.

येताना काय आणायचं?

चालू असलेली प्रत्येक बाटली आणि पट्टी, 'पांढऱ्या झाकणाचं औषध' असं वर्णन नको. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं. जुने ऑडिओग्राम, चष्म्याचा नंबर. उघडून महिना झालेले डोळ्यांचे थेंब आणलेत तर ते मी कचऱ्यात टाकायला सांगेन, रागावू नका.